लाखेनं बुजवलेला चौरंग

मित्रांनो, माझ्या अंगावरचे हे तांबूस ठिपके नक्षीचे नाहीत, बुजलेल्या जखमांचे आहेत. मेहकरजवळच्या एका खेड्यातल्या राममंदिराचा मी सागवानी चौरंग. नांदुऱ्याच्या बाजारातून माझं लाकूड बैलगाडीनं आलं आणि पुंजाजी सुताराच्या बापानं मला घडवलं. दर रामनवमीला बाळरामाचा पाळणा माझ्या पाठीवर बसे. कीर्तन रंगात आलं, की मृदंगाचा ठेका माझ्या पायांपर्यंत उतरे. लाकडाला याहून मोठं भाग्य कोणतं?

माझी सेवा गोजरबाई करी. अभिषेकाचं उरलेलं पंचामृत ती रोज मायेनं माझ्यावर ओती, वर तांब्याभर पाणी. दूध-मध फटींत मुरे, ओल वाळत नसे. समया ओढून चरे पडलेच होते, त्यात आता कीड लागली.

अशाच एका रामनवमीला सकाळी मंदिराच्या पंचांनी, हिंमतरावांनी, माझ्यावर हात ठेवला आणि पिठासारखा भुगा गळला.

"भोकं पडली म्हणजे आसन खंडित झालं. याच्यावर देव बसवाचा नाही. टाका प्रसादाच्या चुलीत!"

चूल समोरच धडधडत होती. गोजरबाईचा चेहरा उतरला. "दादा, माह्याच हातानं झालं हो हे. जन्माच्या वेळेपर्यंत थांबा. नीट नाही झालं तं मीच चुलीत टाकीन."

पुंजाजी धावत आला. "सरस अन् भुसा भरतो, झालं."

"सरस? कातडं शिजवून करतात तो? देवाच्या आसनाले? डोकं फिरलं काय तुह्यं?" गोजरबाई कडाडली.

"मंग काय गूळ भरू? किडा-मुंगी तं तूच पोसली, बाई!" असं म्हणत त्यानं पिशवीतून लाखेची कांडी काढली.

तारेनं त्यानं भोकांतला भुगा उकरला, मला चैत्राच्या उन्हात वाळवलं. लाखेत काव, म्हणजे तांबडी माती, मिसळून माझा रंग जुळवला आणि तापल्या सुरीनं एकेक थेंब भोकात सोडला. चटका बसे, पण चुलीचा जाळ त्याहून जवळ होता. चऱ्यांवर जवसाचं तेल आणि काव चोळली. तिकडे भगवंतरावबुवांचं कीर्तन जन्मापाशी येऊन थांबलं. बुवांनी आमच्याकडे पाहिलं आणि तेच पद पुन्हा आळवायला घेतलं.

"बुवा, सूर्य माथ्यावर आला!" हिंमतराव ओरडले.

"येऊ द्या की! कळा कौसल्यामाईले, अन् घाई तुम्हाले काऊन?"

मंडप हसला. मी मात्र हसलो नाही. पायाजवळच्या मोठ्या भोकातली लाख अजून ऊन होती. ती निववायला गोजरबाईनं सवयीनं तांब्या उचलला.

"पाणी नोको!" पुंजाजीनं तिचा हात धरला. "ऊन लाख तडकते. आजवर ओतलं तेवढं पुरे!"

हिंमतराव आले. वाकून त्यांनी त्याच भोकावर नख रोवलं, जोर केला. लाख हलली नाही.

"ठेवा पाळणा," एवढंच ते म्हणाले.

गुलाल उधळला गेला. दोरीच्या प्रत्येक झोक्याला माझ्या पायांवर भार येई, पण मी हललो नाही. आरती झाल्यावर गोजरबाईनं मला पदरानं पुसलं, कोपऱ्याकोपऱ्यांत, अगदी कोरडं होईपर्यंत.

मित्रांनो, तुमच्या घरी चौरंग असेल, पाट असेल, त्याचीही सेवा करा. लहानसं भोक दिसलं की तेव्हाच बुजवा. आणि लाकडावर माया करायची, तर ती कोरड्या फडक्यानं करा.