अंबाडीचा अंमल

सन २००२च्या मार्च महिन्याच्या अखेरीस, शारजा अमिरातीतील अल नहदा या वस्तीत, दुबईच्या हद्दीला पाठ लावून उभ्या असलेल्या एका इमारतीच्या सहाव्या मजल्यावर, सोमनाथ पाथरीकर यांच्या पाहुण्यांसाठी राखून ठेवलेल्या न्हाणीघरात अंबाडी भरास आली.

न्हाणीघरच का, या प्रश्नाचे सोमनाथरावांपाशी सांगोपांग उत्तर होते. बाल्कनीतल्या उन्हात कुंडीतली माती विटेसारखी भाजून निघे. बैठकीच्या खोलीत मातीचा कणही पडू देणार नाही, अशी त्यांच्या पत्नीची, रंजिताबाईंची, प्रतिज्ञा होती. राहता राहिले न्हाणीघर. आणि त्याची सोय गेल्याने पाहुणे लवकर उठत असतील, तर तो या शेतीचा जोडफायदाच समजावा, असे त्यांचे मत होते.

मातीच नको म्हटल्यावर शेती पाण्यावर करणे आले. सोमनाथराव नळकामाचे आराखडे काढणाऱ्या एका कंपनीत नोकरीला होते, त्यामुळे पाइपांची त्यांना ददात नव्हती. टबावर पीव्हीसीचे पाइप आडवे टाकलेले, पाइपांना भोके, भोकांत चहाच्या गाळण्या आणि गाळण्यांत स्पंजाचे तुकडे, अशी ती रचना होती. माशांच्या टाकीचा पंप त्या पाण्यात अहोरात्र बुडबुडे सोडत असे. वर ट्यूबलाइट होत्या आणि प्रकाश वाया जाऊ नये म्हणून चारी भिंतींना पोळ्या गुंडाळण्याचा चंदेरी कागद चिकटवलेला होता. हे सारे कशासाठी, तर परभणीकडच्या माणसाला परदेशात मोटार मिळते, वातानुकूलित घर मिळते, पण कण्या घालून शिजवलेली आणि लसणाच्या फोडणीखाली चरचरणारी अंबाडीची भाजी मिळत नाही, यासाठी.

रोपे उगवली तेव्हा त्यांची पाने साधी, बदामी आकाराची होती आणि कोणाचीही हरकत येण्याजोगी नव्हती. पुढे ती वाढली आणि निसर्गनियमाप्रमाणे त्यांना बोटे फुटली. प्रत्येक पान पाच लांबट, कातरलेल्या बोटांचे झाले. सोमनाथरावांना ती बोटे आशीर्वाद देणाऱ्या हातासारखी वाटली. इतरांना काय वाटेल, हा विचार त्यांना शिवला नाही.

चौथ्या मजल्यावरचे राजाभाऊ साळवी हे मूळचे गुहागरचे. एके संध्याकाळी ते ड्रिल मशीन मागायला आले आणि हात धुण्याच्या मिषाने त्यांनी नेमके तेच दार उघडले. पांढरा लखलखाट, चांदीच्या भिंती, पाण्याची गुडगुड आणि मध्ये ती हिरवी बोटे पाहून ते उंबऱ्यावरच थिजले.

"पाथरीकर, हे काय आहे?"

"अंबाडी."

"अंबाडे झाडाला लागतात. आमच्या परसात आहे झाड. डाळीत टाकतो आम्ही. मला शिकवू नका."

"तो अंबाडा. पुल्लिंगी. फळ आहे ते. ही अंबाडी, स्त्रीलिंगी, पालेभाजी. शब्दांत एका स्वराचा फरक असला, तरी वस्तूंत झाडाएवढा आहे."

"अहो, व्याकरण राहू द्या, पान बघा! हे पान मी एका बैराग्याच्या चिलमीशेजारी पाहिलंय."

कोणाही व्यवहारी माणसाने इथे विषय बदलला असता. परंतु बोलीभाषेतील नावांनी घोटाळा होतो आणि शास्त्रीय नावाने तो मिटतो, अशी सोमनाथरावांची दृढ श्रद्धा होती. ते घसा साफ करून म्हणाले, "मग शास्त्रीय नावच ऐका. हिबिस्कस कॅनॅबिनस."

राजाभाऊंनी आत येऊन दाराला कडी घातली.

"कॅनॅबिस," ते कुजबुजले.

"बिनस! शेवटी 'नस' आहे."

"कळली ना तुमची नस. कोणाला नाही सांगत, आईशप्पथ. पण शुक्रवारी धुळवड आहे. सुट्टी आणि धुळवड एकाच दिवशी! मूठभर द्या."

"जरूर न्या. भाकरीबरोबर छान लागते."

"भाकरीबरोबर!" राजाभाऊंनी डोळा मिचकावला. "मुरलेले आहात, पाथरीकर. दिसत नाही चेहऱ्यावर."

"राजाभाऊ, ही भाजी आहे."

"भाजीच. भाजीच म्हणायचं. मीही भाजीच म्हणतो," असे म्हणत त्यांनी दोन फांद्या बनियनच्या आत सरकवल्या आणि पोट सावरीत, भिंतीच्या कडेकडेने ते निघून गेले. ड्रिल मशीन तिथेच राहिले.

शुक्रवारी राजाभाऊंनी तो पाला बदाम आणि मिऱ्यांबरोबर वाटला, दुधात कालवला आणि रिकाम्या पोटी प्राशन केला. दुपारपर्यंत अंमल पूर्ण चढला. लिफ्टमधल्या आरशाला त्यांनी गुलाल लावला, आरशातल्या गृहस्थांना "या, बसा" म्हटले आणि तळमजल्यावर दार उघडताच इमारतीचे मॅनेजर मोहिद्दीन यांना कडकडून मिठी मारली.

"मोहिद्दीनभाई! छठे माले पे जन्नत है, जन्नत! पाथरीकर के बाथरूम में! पूरा गांजा!"

मोहिद्दीन हे कासारगोडचे. तीस बिऱ्हाडांची भांडणे त्यांनी आवाज न चढवता मिटवली होती. परंतु या शब्दाने त्यांचाही रंग उतरला. त्या मुलुखात या एका शब्दापायी माणसाची नोकरी, घर आणि व्हिसा एकदमच जात आणि मायदेशी परतण्याआधी तुरुंग लागे. ते जाणून असलेले मोहिद्दीन राजाभाऊंना दंडाला धरून वर आले, न्हाणीघराच्या दारात उभे राहिले आणि त्यांनी मोबाइल हातात घेतला.

"ये क्या है, पाथरीकर साब?"

"भाजी."

"बाथरूम में?"

"पानी पे खेती. मिट्टी नहीं लगती."

"लाइट लगाके? चांदी का कागज लगाके? हबीबी, मैं बच्चा है क्या?"

"इसका बॉटनिकल नेम—"

"अहो, लॅटिन काढलंत तर बघा!" रंजिताबाई म्हणाल्या. "त्यानेच इथवर आलोय आपण."

त्यांनी स्वयंपाकघरातून दुपारच्याच भाजीचे भांडे आणले. मोहिद्दीन दोन पावले मागे सरकले.

"खिलाके मेरेको भी केस में लेना है? नहीं खाएगा."

"मी खातो," सोमनाथराव म्हणाले आणि दारातच उभ्या उभ्या त्यांनी भाजीचा फडशा पाडला. मग तोंड पुसून ते म्हणाले, "अब देखिए. प्रत्यक्ष प्रमाण. मैंने खाया. मेरी बुद्धी स्थिर है. अब अगर आप कहें कि नशा देर से चढ़ता है, तो उसका उत्तर ये है कि कल रात को भी खाया था. और अगर आप कहें कि आदत हो गई है, तो प्रश्न ये है कि आदत की व्याख्या क्या—"

"देखो, देखो, चढ़ गया," मोहिद्दीन हळहळत म्हणाले. "कितना बोल रहा है."

"ये तो डेली ऐसाच बोलते हैं," रंजिताबाई कळवळून म्हणाल्या. "शादी से पहले से!"

"और इसका क्या?" मोहिद्दीन यांनी राजाभाऊंकडे बोट केले. ते भिंतीला टेकून बसले होते आणि तिथल्या चंदेरी कागदात दिसणाऱ्या स्वतःच्या असंख्य नाकांना नमस्कार करीत होते.

"भिंती श्वास घेतायत, वहिनी," ते म्हणाले.

मोहिद्दीन यांनी मोबाइलची बटणे दाबायला सुरुवात केली. घराच्या किल्ल्या परत द्याव्या लागणार, हे आता सोमनाथरावांच्या चेहऱ्यावर स्पष्ट वाचता येत होते. रंजिताबाईंनी तो चेहरा पाहिला आणि त्या राजाभाऊंसमोर उकिडव्या बसल्या.

"राजाभाऊ, कशातून घेतलंत?"

"दुधातून. परंपरेप्रमाणे."

"कसं लागलं?"

"खरं सांगू? वाईट. दुधाच्या गुठळ्या झाल्या, पाणी वेगळं, चोथा वेगळा. म्हटलं माल अस्सल असणार, दूधसुद्धा सहन करू शकलं नाही. चमच्याने खाल्लं शेवटी."

रंजिताबाई उठल्या. "मोहिद्दीनभाई, एक मिनट. दूध किससे फटता है?"

बटणांवरचा अंगठा थांबला. "नींबू से. इमली से."

"और गांजे से?"

"मेरेको कैसे मालूम!" मोहिद्दीन दुखावल्या सुरात म्हणाले. पण त्यांची नजर पानांकडे वळली होती. बराच वेळ त्यांनी त्या पाच बोटांकडे पाहिले. मग एका पानाचा कोपरा तोडला, हुंगला, जिभेच्या टोकाला लावला आणि इकडेतिकडे पाहून झटकन चावला. त्यांचा एक डोळा आपोआप मिटला, गाल आत ओढले गेले आणि दुसरा डोळाही गेला.

"खट्टा!" ते डोळे न उघडताच म्हणाले. "या अल्ला, कितना खट्टा!"

मोबाइल खिशात गेला. मोहिद्दीन यांनी उरलेले पानही खाल्ले, दुसरे तोडले आणि ते चघळत पाइप, पंप नि गाळण्या नव्या आदराने न्याहाळल्या.

"खलास. भाजी है. पाथरीकर साब, थोड़ा मेरेको देना. मछली में डालेगा."

"अवश्य," सोमनाथराव म्हणाले. आयुष्यात प्रथमच त्यांनी मुद्दा पुढे वाढवला नाही.

राजाभाऊ मात्र नमस्कार अर्धवट सोडून ताठ बसले होते. त्यांनी भिंतीला हात लावून पाहिला. भिंत स्थिर होती.

"भाजी?" त्यांनी विचारले. "निव्वळ भाजी? अहो वहिनी, मग सकाळपासून मला जे झालं, ते काय होतं?"

रंजिताबाईंनी रिकामे भांडे उचलले.

"तुम्हाला काहीच झालं नव्हतं, राजाभाऊ," त्या म्हणाल्या. "तुम्ही असेच आहात."