वर कोरडा बसलेला फ्लोट

मी फ्लोट बोलतोय. वरचा. खालचा निराळा, त्याच्याशी माझी गल्लत करू नका.

बाईंनी बैठकीच्या खोलीत काचेच्या टाकीत समुद्र पाळलाय. प्रवाळ, दोन केशरी मासे, गोगलगायी. टाकीखालच्या कपाटात आणखी एक लहान टाकी आहे. वरचं पाणी तिच्यात उतरतं आणि गाळून परत वर जातं. तिथं आम्ही दोघे राहतो. अंगठ्याएवढं प्लास्टिकचं अंग, पोटात लोहचुंबक, मधून दांडी. पाणी चढलं की वर सरकायचं, उतरलं की खाली. अक्कल म्हणाल तर एवढीच.

या समुद्रातलं पाणी रोज थोडं हवेत उडून जातं, मीठ मात्र मागे राहतं. म्हणून उडालं तेवढं गोडं पाणी घालावं लागतं. कमी पडलं तर टाकी आणखी खारट होते, फार जास्त झालं तर प्रवाळ मरतात. बाई हे काम वर्षानुवर्षं हातानं करायच्या, त्यामुळे त्यांचा पाय घराबाहेर पडत नसे. मग परगावच्या लेकीचे दिवस भरत आले. "आई, तू हवीस मला," एवढंच ती फोनवर म्हणाली, आणि आमची वर्णी लागली.

बाईंची नोकरी क्ष-किरण विभागात झालेली. यंत्र कधीतरी दगा देणारच, हे धरूनच त्या चालतात. पाणी कमी झालं की खालच्यानं गोड्या पाण्याच्या बादलीतला पंप चालू करायचा, पुरेसं झालं की बंद. त्यानं घोळ घातला आणि पाणी माझ्यापर्यंत आलं, तर मी पंपाची वीज तोडायची. शिवाय ती बादलीही मुद्दाम लहान ठेवलेली. दोघेही फसलो तरी त्या बादलीभर पाण्यानं कुणाचा जीव जाऊ नये म्हणून.

त्यांचे यजमान मोटार शिकवणारे मास्तर. मला बघून हसले. "हा वरचा काय नुसता बसून पगार खाणार?"

"तुमच्या गाडीत तुमच्या पायाशी दुसरा ब्रेक कशाला असतो हो?"

"तो मी रोज सकाळी दाबून बघतो."

"मग यालाही आठवड्याला बोटानं उचलून बघा. पंप बंद पडला पाहिजे. आणि दांडीवरचं मीठ पुसत जा."

"बघेन गं. तू निर्धास्त जा."

बाई गेल्या आणि मास्तर विसरले. पाण्याचे शिंतोडे माझ्या अंगावर वाळत गेले, मिठाची पांढरी पुटं चढली. तोंड असतं तर मी बोंब ठोकली असती. त्यात मास्तरांना बादली भरायचा कंटाळा आला. त्यांनी कुठूनसं एक बुटकं, रुंद पिंप आणलं, काठोकाठ भरलं आणि पंप त्यात सोडला. "आता महिनाभर बघायला नको!" स्वतःवर भलतेच खूश होते. चांगल्या मनानं माणसं जे घोळ घालतात, त्याला तोड नाही.

एका दुपारी वरून पाण्याबरोबर आलेली एक गोगलगाय खालच्याच्या डोक्यावर चढून बसली ती बसलीच. पंप सुरू झाला. पाणी चढलं, पण खालच्याला वर येता येईना. पंप चालूच.

पाणी माझ्या बुडाशी आलं. मी जोर लावला. हललो नाही. मिठानं मला दांडीला जखडून टाकलं होतं.

बाहेर फोन वाजला. "तिला आत घेतलंय," बाई घाईघाईनं म्हणाल्या. "तुमच्याकडे सगळं ठीक ना? टाकी?"

"एकदम उत्तम! तू तिच्याकडे बघ."

इथं पाणी फिकं होत चाललं होतं. ते गळ्याशी आलं, मग डोक्यावरून गेलं. मी भयंकर घाबरलो. पण त्याच पाण्यात मीठ विरघळायला लागलं. आधी एक कड सुटली, मग दुसरी. अचानक मी सटकन वर गेलो. पंप थांबला.

कपाटाखाली पाण्याचा ओघळ आला होता. मास्तरांचा पाय त्यात पडला. त्यांनी दार उघडलं, गोगलगाय बघितली, माझ्या दांडीवरचं उरलेलं पांढरं बघितलं, आणि शेवटी पिंप बघितलं. वर प्रवाळ मिटून गेले होते.

फोन पुन्हा वाजला. "अहो, मुलगी झाली! दोघी सुखरूप आहेत. आता टाकीचं खरं सांगा, मघाशी तुमचा आवाज फारच गोड लागत होता."

मास्तर म्हणाले, "माझीच चूक झाली गं. पाणी जास्त गेलं, प्रवाळ मिटलेत. पण तू येऊ नकोस. तिथं थांब, आणि इथं काय करायचं ते मला सांग."

बाईंची पिशवी अर्धी भरलीसुद्धा असेल, असं मला वाटलं.

"मीठ एकदम घालू नका," त्या म्हणाल्या. "थोडं थोडं, दोन-तीन दिवस. घाई केलीत तर उरलेलेही जातील."

ते मास्तरांनी नीट केलं. बहुतेक प्रवाळ उमलले. कडेचा जांभळा वाचला नाही. बाई अजून लेकीकडेच आहेत.

मी पुन्हा वर कोरडा बसलोय. तुमच्याही घरात माझ्यासारखा कुणी बिनकामाचा दिसत असेल. त्याच्यावर जरूर विसंबा. फक्त त्याआधी त्याला एकदा हलवून बघा.