भरवशाची बंदूक

महारुद्र पाटलाला बंदुकीचं लायसन मिळालं आणि झोप उडाली ती खाजाभाईची. लायसन पाटलाचं, बंदूक पाटलाची, खाजाभाईचा संबंध काय? पण निजामाच्या फौजेत नोकरी केलेला माणूस तेर गावाच्या आसपास दुसरा उरला नव्हता. बंदुकीतलं कळतं कुणाला, तर खाजाला. झालं, आलं बोलावणं.

"परवा सोलापूरला जायचंय," पाटील म्हणाला. "तू सोबत चल. एकदम भरवशाची निवडून दे. रानडुकरं लई माजल्यात."

रानडुकरं म्हणे. पाटलाच्या रानात त्या साली डुकराचा खूरसुद्धा उमटला नव्हता. पाटलाच्या डोळ्यांत सलत होता तो त्याचा पाठचा भाऊ बलभीम. वाटण्या झाल्या, रानं फाटली, भांडीकुंडी फाटली, पण विहीर काही मधोमध चिरता येत नाही. तेरणा नदीच्या काठची ती विहीर सामाईक राहिली. एक दिवस थोरल्याची मोट, एक दिवस धाकट्याची. आता महारुद्राला ती एकट्याला हवी होती. चावडीवर चारचौघांत तो बोलून गेला होता, "दसऱ्यानंतर बलभीमाची मोट विहिरीवर दिसली तर बैलासकट आडवा करीन." आणि महारुद्र बोलून विसरणारा गडी नव्हता.

हा बलभीम म्हणजे खाजाभाईचा लंगोटीयार. उरुसाचा मलिदा बलभीमानं आधी खायचा आणि पंचमीची दिंडं खाजानं, असली त्यांची दोस्ती. त्या बलभीमाला मारायची बंदूक खाजानं निवडायची होती.

तुम्ही म्हणाल, सरळ नाही म्हणायचं. म्हणायला काय जातंय! पोलीस अ‍ॅक्शनच्या साली निजामाचं राज्य गेलं, गावात मुसलमानांविरुद्ध वणवा पेटला तेव्हा महारुद्रानं त्याला बायकोपोरांसकट कडब्याच्या गंजीमागं लपवलं होतं. आज पोट भरत होतं तेही पाटलाच्याच बटईच्या, अर्ध्या वाट्यानं कसलेल्या रानावर. पाटलानं पाठीवरचा हात नुसता काढून घेतला असता, तरी 'हा फौजेतला, त्या वर्षी काय काय केलं विचारा' म्हणायला चार तोंडं टपलेलीच होती.

"उनकू ना बोलो जी," त्याची बायको शरिफाबी म्हणाली.

"ना बोल्या तो रहना किधर?" खाजाभाई म्हणाला. तिनं बांधून दिलेली भाकरी घेऊन तो निघाला.

मोटारीत पाटील शेजारीच बसला होता. तुळजापूर गेलं, तामलवाडी गेली, तरी खाजाभाईला काही मार्ग दिसेना.

दुकानदारानं दोन बंदुका पुढ्यात ठेवल्या. एक दुनळी, साधी, जुन्या घाटाची. दुसरी एकनळी, विलायती. तिच्या पोटात पाच काडतुसं मावायची. एक बार उडाला की पुढचं काडतूस आपोआप चढायचं, माणसानं फक्त चाप ओढत राहायचं. पाटलाचे डोळे लकाकले.

"कंची भरवशाची?"

खाजाभाईनं दुनळी उचलली, मोडून पाहिली, मिटली. ही चिखलात पडली, धुळीत लोळली, तरी चाप ओढला की उडणार. दगा देणार नाही. मग विलायती उचलली. असली आपोआप चालणारी हत्यारं त्यानं फौजेत पाहिली होती. आत जरा काळ्या मातीची धूळ गेली, की पहिल्या बारानंतर घशात घास अडकल्यासारखी गप्प. दुसरा बार नाहीच. आणि महारुद्राचा पहिला बार कुठंही जाणार. नेम धरण्याइतका दम त्याच्या रागाला कधीच नव्हता.

म्हणजे बलभीम वाचत होता. खाजाभाईच्या छातीवरचा धोंडा एकदम हलला.

"ही घ्या," तो विलायतीवर हात ठेवून म्हणाला. "हिच्यावानी भरवशाची दुसरी न्हाय."

आयुष्यात पाटलाशी तो पहिल्यांदा खोटं बोलला, आणि येताना मोटारीत त्याला गाढ झोप लागली.

दसऱ्याला पाटलाच्या अंगणात शस्त्रपूजा झाली. दरवर्षी पाटावर एकटी तलवार असायची, यंदा शेजारी बंदूक. पाटलिणीनं, लक्ष्मीबाईनं, हळदकुंकू वाहिलं, झेंडूची माळ घातली. अंगणापुढच्या बांधावर मडकी मांडली होती. महारुद्रानं बंदूक खांद्याला लावली आणि चाप ओढला.

खाजाभाई दुसऱ्या बाराची वाट बघत होता. म्हणजे तो न येण्याची. चार दिवस बंदूक धान्याच्या खोलीत धुळीत उघडी पडली होती; निगा खाजाकडं होती आणि पुसायचं त्यानं मुद्दाम टाळलं होतं.

दुसरा बार उडाला. तिसरा, चौथा, पाचवाही. पुन्हा भरली, पुन्हा तसंच. कुठं अडली नाही की अडखळली नाही. जग पुढं गेलं होतं, हत्यारं सुधारली होती, आणि खाजाभाईचं शहाणपण फौजेबरोबरच मोडीत निघालं होतं. फुटलेल्या मडक्यांची खापरं बांधावर पडली. लोक बंदुकीची वाहवा करत होते. आपण आपल्या हातानं बलभीमाचं मरण विकत आणलं, एवढंच खाजाभाईला कळत होतं.

पाटलाच्या घरची एक रीत होती. पूजेतलं हत्यार मालक ज्याच्या हाती देईल, त्यानंच ते वर्षभर वागवायचं. तलवार दरसाल चुलतभावाला, बब्रुवानाला, मिळायची. यंदाही मिळाली. मग महारुद्रानं बंदूक दोन्ही हातांनी उचलली आणि खाजाभाईपुढं धरली.

"माझा नेम कसा हाय ते बघितलंस न्हवं? दहा बारांत मडकी फुटली तीन," तो हसत म्हणाला. "लायसनात राखणदार म्हणून तुझंच नाव घातलंय. उद्यापासून विहिरीवर तू."

पाटलाचे हात पुढं होते, सगळं गाव बघत होतं. खाजाभाईनं बंदूक घेतली. न घेऊन जातो कुठं?

दुसऱ्या दिवशी पाळी बलभीमाची होती. दिवस उगवायला तो बैलं घेऊन आला, मोट जुंपली, आणि मग त्याला विहिरीच्या काठावर बंदूक घेऊन उभा असलेला माणूस दिसला. खाजा आहे हे ओळखल्यावर तो हसला. सुटल्यासारखा मनापासून हसला.

"तू हायस व्हय? मग काय काळजी न्हाय," म्हणत त्यानं कासरा हातात घेतला.

"खाजा," मागून, चिंचेखालून, महारुद्राचा आवाज आला. "बंदूक वर कर."

खाजाभाईनं केली. नळी खाली करावी असं त्याला फार वाटत होतं, पण हात ऐकत नव्हते. पाठीत महारुद्राची नजर रुतली होती.

बलभीमाचं हसू जागच्या जागी विरलं. त्यानं नळीकडं पाहिलं, मग खाजाच्या तोंडाकडं. मग कासरा खाली टाकून त्यानं हात जोडले. फौजदारापुढं जोडावेत तसे.

"बैलं तेवढी सोडून घिऊ का?" त्यानं विचारलं.

ज्याच्या विहिरीत खाजा लहानपणी पोहायला शिकला, त्या बलभीमानंच त्याच्याकडं परवानगी मागितली होती. खाजाभाईला रडू आवरत नव्हतं. बंदूक मात्र खाली येत नव्हती.

"घे," तो म्हणाला.