बाजेवरचं बघू

"लिंग तळहातावर आहे तोवर मनात दुसरं काही यायचं नाही, मंजू. आलंच, तर समजायचं, काहीतरी करायचं राहिलंय." आई हे इतक्या हळू सांगायची की ऐकायला जवळ सरकावं लागे.

आज सकाळी आलं. आंघोळ झाली, भस्म लावलं, इष्टलिंग तळहातावर घेतलं, नजर लावली आणि ओठावर आलं, बघू. पुन्हा नजर लावली. पुन्हा तेच.

लातुरात एका सॉफ्टवेअरच्या ऑफिसात मी माहितीपुस्तिका लिहिते. कुठलं बटण दाबायचं, दाबल्यावर काय दिसतं, एवढंच माझं काम. सध्याचं काम कडबाकुट्टी आणि दूध काढायची यंत्रं विकणाऱ्या कंपनीचं आहे. विक्रीवाले गावोगाव फिरतात, गिऱ्हाईक काय बोललं ते मोबाईलमध्ये लिहितात. सौदा गेला की आमचं सॉफ्टवेअर ते बोलणं वाचतं आणि मालकाला कारण काढून देतं: भाव जास्त, दुसरीकडून घेतलं, रस नाही.

पुस्तिकेतली पायरी चार अशी होती: 'सौदा का गेला' हे बटण दाबा. तिथं चित्र टाकायचं म्हणून काल मी हदगाव तालुक्यासाठी बटण दाबलं, तर खालपर्यंत 'रस नाही', 'रस नाही'. सगळे सौदे राजकन्या नावाच्या मुलीचे. तिकडं विक्री तीच बघते, अजून कायम झालेली नाही. सोमवारी कंपनीचे मालक हेच पान उघडून कुणाला ठेवायचं ते ठरवणार आहेत.

सॉफ्टवेअर बनवणारा वीरेश माझ्या शेजारीच बसतो. त्याला विचारलं.

"तिनंच लिहिलंय की, ताई. जिथं तिथं 'बघू म्हणाले'. बघू म्हणजे नाही. आता मशीनलासुद्धा कळतं."

"नेहमीच?"

"मी पोरगी बघायला गेलो तिथं तिच्या बापानं बघूच म्हटलं होतं."

"मग?"

"मग काय, पोरगी उदगीरला दिली. तेव्हापासून तो शब्द मी थेट 'रस नाही'त टाकतो."

हसू आलं, पण चैन पडेना. राजकन्येला फोन लावला. तिकडं कुठंतरी कुट्टीचं यंत्र घरघरत होतं.

"हाव ताई, बघूच म्हणतेत," ती ओरडून बोलली. "पण गेटावरून बघू म्हणलं तर न्हाईच समजा. बाजेवर बसवलं, चहा पाजला, मंग बघू म्हणलं, तर कापूस घरात आला की घेतेत. अजून येचणीच न्हाई लागली! तुमच्या मशिनीला बाज दिसती का?"

मी पडद्यावरची 'रस नाही'ची रांग पुन्हा वर सरकवली.

"मी तर सगळ्यांना सांगून राहिले, कुणी ऐकंना. तुम्ही लिवणाऱ्या ना? मंग एकदा माझ्यासंगं चार घरं फिरा. मंग काय लिवायचं ते लिवा."

मला तोंडावर नाही म्हणता येत नाही. म्हणाले, "बघू."

ती हसली. "कोणतं वो ताई? गेटावरलं का बाजेवरलं?"

फोन ठेवला आणि पायरी चार लिहायला घेतली. 'बटण दाबताच सौदा जाण्याचे कारण दिसेल.' पुसलं. 'संभाव्य कारण दिसेल.' तेही पुसलं. खुर्चीवरून उठले, पाणी प्यायले, पुन्हा बसले. घरी आल्यावर भाकरी थापतानाही तिचं हसणं कानात होतं. खरं म्हणजे माझ्या बघूला काहीच अर्थ नव्हता. वीरेशच्या यंत्रानं तो बरोबर जागी टाकला असता.

आणि आता तळहातावर लिंग, ओठावर बघू.

लिंग वस्त्रावर ठेवलं, हात जोडले आणि वीरेशला फोन केला.

"पुस्तिका आज जाणार नाही. मी हदगावला चालले."

"हदगावला? एका शब्दासाठी?"

"तो शब्द कुठं टाकलाय ते मलाच लिहायचंय ना. चार घरं बघून लिहिते."

"मालकांना काय सांगू? त्यांना सोमवारी लागणारय."

"सोमवारच्या आत देते. सांगा, पायरी चार राहिलीय."

"चिडतील ते!"

"चिडू द्या."

"काय? ऐकू आलं नाही."

"चिडू द्या म्हटलं."

मग तो म्हणाला, "बाज दिसली तर फोटो काढून आणा, ताई. मशीनला दाखवू."

पुन्हा पूजेला बसले. या वेळी नजर ठरली. फार वेळ नाही, पण ठरली. लिंग करडीच्या डबीत ठेवून गळ्यात घातलं, प्रसाद घेतला, भाकरीचा डबा बांधला आणि दार ओढून घेतलं.

नांदेडची गाडी लागलेलीच होती. पुढं हदगावसाठी तिथं बदलावी लागणार. खिडकीजवळ बसून राजकन्येला फोन लावला, तो लागला नाही. मग 'निघाले' एवढंच लिहून पाठवलं आणि डबा मांडीवर घेतला.