चिमणी मजेत आहे

त्या घरातली चिमणी कधी म्हातारी होत नसे. वरच्या मजल्यावरच्या कामाला जी मुलगी येई तिला चिमणी म्हणायचं, हा बाईसाहेबांच्या सासूबाईंनी घालून दिलेला शिरस्ता. मुली येतात, जातात, लग्नं करतात, पळून जातात. दर खेपेला नवं नाव कोण तोंडी बसवत बसणार? तेव्हा मुलीने मागच्या दारात चपला काढाव्या आणि नावही तिथेच ठेवावं. बाईसाहेबांना यात कधी काही वावगं वाटलं नाही. उलट सोय किती! हाक मारली की चिमणी हजर, मग ती कुणाची का असेना.

ही सोय किती महागात पडली होती, ते कळायला दोर वळणारी एक बाई दारात यावी लागली. तिचे तळवे काथ्याने सोलून निघालेले, पायांवर लांबच्या वाटेची धूळ. मागच्या दाराने ये म्हटलं तर ऐकेना. पुढच्याच दारात उभी राहिली.

"माझ्या लेकीला भेटायचंय," ती म्हणाली. "तुमच्याकडे कामाला आहे. इथे चिमणी म्हणतात तिला."

बाईसाहेबांना हायसं वाटलं. काही मागायला आली असेल, अशी त्यांना धास्ती होती. त्यांनी हाक मारली आणि चिमणी ओले हात पुसत आली, नेहमीसारखी धावतच. दोरवालीने तिच्याकडे पाहिलं. मग मागून आणखी कुणी येतंय का, ते पाहिलं.

"ही कोण?"

"चिमणी."

"ही माझी नाही."

वाट लांबची आणि घरात अंथरुणाला खिळलेला नवरा, म्हणून तिला कधी येता आलं नव्हतं. दर वर्षी ती गाडीवानाबरोबर निरोप धाडायची, चिमणी कशी आहे? दर वर्षी इथल्या स्वयंपाकघरातून उत्तर जायचं, चिमणी मजेत आहे. त्यात खोटं काही नव्हतं. चिमणी कायमच मजेत असे.

"यंदा गाडीवान म्हणाला, तुमची चिमणी काय जिने चढते हो, नुसती उड्या मारते! मी तशीच निघाले. माझ्या लेकीचा डावा पाय जन्मापासून अधू. ती पाय ओढत चालते."

बाईसाहेबांनी दाराची चौकट धरली. कित्येक वर्षांमागे गावात तापाची साथ आली होती. तेव्हापासून रोज पहाटे मागच्या जिन्यावर एक पाऊल टेकल्याचा आवाज येई, आणि त्यामागून दुसरं ओढल्याचा. ते त्यांच्या खोलीच्या दाराशी येऊन थांबे. जुन्या घराचं लाकूड कुरकुरतं, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली होती. डॉक्टरांनी झोपेचे थेंब दिले. झोप लागली नाही ती नाहीच, आणि पाऊलही थांबलं नाही.

"जिन्यावरचं ते पाऊल..." त्या पुटपुटल्या.

चिमणी त्यांच्याकडे टक लावून पाहत होती. "म्हणजे तुम्हालाही ऐकू येतं?"

"तुला कुणी सांगितलं?"

"माझ्या आधीच्या चिमणीने. सकाळी जिन्याच्या वळणावर थांबायचं, आधी तिला जाऊ द्यायचं, मग आपण तबक घेऊन चढायचं. तिलाही तिच्या आधीच्या चिमणीनेच सांगितलेलं."

"आणि मला कुणीच काही बोललं नाही?"

"भुताची तक्रार मालकिणीकडे करायची? हाकलूनच दिलं असतंत की."

दोरवाली घाबरली नाही. चुकलेल्या माणसाने रस्ता विचारावा तसं तिने विचारलं, "ती येते कुठून?"

"परसाच्या टोकाकडून," चिमणी म्हणाली. "मी मात्र कधी तिकडे गेले नाही. माझा जीव मला प्यारा आहे."

मग तिघीही परसात गेल्या. बाईसाहेबांनी इकडे कित्येक वर्षांत पाऊल टाकलं नव्हतं. अगदी टोकाला, भिंतीला लागून जुनी धुण्याची खोली होती, जाड दगडाची, वर हात पोचणार नाही इतक्या उंचावर एक खिडकी. कुलूप गंजून गेलं होतं. चिमणीने दगडाचे दोन घाव घातले, तेव्हा ते कोयंड्यासकट निघून आलं.

आत कपडे उकळायचा तांब्याचा मोठा हंडा हिरवा पडला होता. कपडे वाळत घालायच्या दोऱ्या मात्र भिंतीवर नव्हत्या. त्या खाली कोपऱ्यात होत्या. कुणीतरी उकलून, तीनतीन एकत्र करून त्यांचा जाड दोर वळायला घेतला होता. खिडकीपर्यंत पोचेल एवढा तो झाला नव्हता.

दोरवाली खाली बसली. तिने तो मांडीवर घेतला आणि पिळावरून बोट फिरवलं. "उलटा पीळ देते नेहमी," ती म्हणाली. "कितीदा रागावले मी तिला."

बाईसाहेबांना तेव्हा सगळं आठवलं. साथीत त्यांच्या मुलाला ताप आला होता. त्याच्या उशाशी चिमणीच बसली होती. तो घामेजून शुद्धीवर आला, आणि चिमणीचं अंग तापलं. ताप पसरू नये म्हणून त्यांनी तिला इथे आणून स्वतः कुलूप घातलं. पण उपाशी ठेवलं नव्हतं! रोज सकाळी मुलाच्या खोलीच्या दाराआडून त्या घर सांभाळणाऱ्या कारभारणीला बजावत, चिमणीला जेवायला दे, हयगय करू नकोस. दिलं, बाईसाहेब, असं उत्तर येई. हे त्यांना शब्दन् शब्द आठवत होतं.

"कारभारीण सांगेल," त्या म्हणाल्या. "तिलाच विचारू."

कारभारीण आता स्वयंपाकघरामागच्या खोलीत पडून असे. डोळे गेले होते, पण कान आणि डोकं शाबूत होतं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि कूस बदलली.

"ती होय? पळून गेली ती, बाईसाहेब. साथ ओसरल्यावर. तुम्हाला आठवत नाही का?"

दोरवालीचा चेहरा उजळला. इतका, की बाईसाहेबांना बघवेना. पळून गेली म्हणजे कुठेतरी असेल, पाय ओढत का होईना, चालत असेल. नुसतं 'हो, आठवलं' म्हटलं की संपलं. बाई आशेवर माघारी गेली असती, आणि घराची अब्रूही राहिली असती. बाईसाहेबांच्या ओठांवर तो 'हो' आलाच होता.

"नाही," त्या म्हणाल्या. "कुलूप मी घातलं होतं. खरं काय ते सांग."

म्हातारी रडू लागली.

"तुम्ही कुलूप घातलंत तेव्हा मी घरात होते कुठे? जुनी तुमच्या मुलाच्या उशाशी अडकलेली, म्हणून मी नवी मुलगी आणायला गेले होते. संध्याकाळी तिला घेऊन आले, जुनी दिसली नाही, मला वाटलं घरी धाडलीत. तुम्ही रोज दाराआडून म्हणायचा, चिमणीला जेवायला दे. मी देत होते, बाईसाहेब. नव्या मुलीची तुम्हाला एवढी काळजी, याचं नवलच वाटायचं मला. एकदाच्या जागी दोनदा वाढायची मी तिला. बाळसं धरलं होतं हो तिने."

"ती ओरडली असेल," दोरवाली म्हणाली.

"तेव्हा घराघरातून कुणी ना कुणी ओरडत होतं. कोण कान देणार? पुढे माळ्याने दार उघडलं, तेव्हा फार उशीर झाला होता. त्याच खोलीमागे, भिंतीच्या कडेला पुरलं आम्ही तिला, आणि खोलीला पुन्हा कुलूप लावलं. तुमचा मुलगा नुकता उठून बसला होता. तुम्हाला सांगायला जीभ रेटली नाही."

बाईसाहेबांनाही एक सकाळ आठवली. चिमणी तबक घेऊन आत आली होती. बरी झालीस का गं, असं त्यांनी विचारलं होतं. पोरगी गोंधळून 'हो' म्हणाली होती. त्यांनी मान वर करून तिच्या तोंडाकडे पाहिलंदेखील नव्हतं.

भिंतीच्या कडेला नुसतं गवत होतं. दोरवाली तो अर्धा दोर कवटाळून उभी राहिली. चिमणी तिला धरून होती.

"मी इथे दगड बसवते," बाईसाहेब म्हणाल्या. "चांगला, कोरलेला. तुमच्या मुलीचं नाव काय होतं?"

दोरवालीने त्यांच्याकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत राग असता तर बरं झालं असतं.

"ते नाही सांगणार," ती म्हणाली. "एवढी वर्षं तुम्हाला त्याच्यावाचून अडलं नाही. आता ते माझ्याकडेच राहू दे."

"पण दगडावर काहीतरी लिहायला हवं."

"तुम्हाला जे ठाऊक आहे ते लिहा." ती गुडघे टेकून गवतात बसली आणि जमिनीवर तळवे ठेवले. "तुम्ही दोघी जरा लांब जा. मला तिला हाक मारायचीय."

बाईसाहेब निघाल्या. पाठीमागे त्या बाईचा आवाज सुरू झाला, तसा त्यांनी पाय उचलला आणि एक अक्षरही कानावर पडणार नाही इतक्या लांब जाऊन त्या उभ्या राहिल्या.