मुठीचा अर्थ

कम्युनिस्ट पक्ष आणि हरित पक्ष यांच्यात त्या शहरात वर्षानुवर्षं विस्तव जात नव्हता. एकाला कारखाने चालू हवे होते, फक्त मालक बदलायचा होता. दुसऱ्याला मालक कुणीही चालला असता, धूर तेवढा नको होता. दोघे निवडणुकीला वेगवेगळे उभे राहत, वेगवेगळे आपटत आणि हरल्यावर एकमेकांच्या नावानं बोटं मोडत. यंदा कुणाला तरी उशिरानं शहाणपण सुचलं आणि दोघांची आघाडी झाली. जाहीरनामा झाला, झेंडे शेजारी शेजारी लागले. उमेदवार ठरायचा राहिला होता, आणि तो रविवारी दुपारी शाळेच्या हॉलमध्ये ठरणार होता. अर्ज भरायची मुदत सोमवारी संपत होती. दुपार फुकट गेली असती तर आघाडीही गेली असती.

नाव एकच पुढे आलं होतं, नगरपालिकेच्या रोपवाटिकेतल्या माळीणबाईंचं. ती हरित पक्षाची, पण जन्मली कम्युनिस्टाच्या घरात, त्यामुळे दोन्हीकडच्यांना ती आपली वाटे. तिचे वडील वीज केंद्रात बॉयलरवर होते. पक्षात त्यांना सगळे 'बॉयलर'च म्हणत, कारण त्यांना तापायला वेळ लागायचा आणि तापले की जवळ जाण्यात अर्थ नसायचा. लेक त्यांना अप्पा म्हणे.

तीन वर्षांपूर्वी लेकीनं वडिलांचा पक्ष सोडला. तेवढ्यावर भागलं नाही. ती वीज केंद्राच्या गेटसमोर 'धुराडं बंद करा' असा बोर्ड घेऊन उभी राहिली, तेव्हा अप्पा आत ड्यूटीवर होते. संध्याकाळी घरी येऊन ते "मोरीतला नळ गळतोय" एवढंच म्हणाले. तेव्हापासून राजकारणाचा विषय निघाला की अप्पा मिठाची गुळणी धरत. पुढे ते निवृत्त झाले, नळही दुरुस्त झाला, पण त्यांच्या मनात काय आहे हे काही लेकीला कळलं नाही.

रविवारी सकाळी मात्र अप्पांना कुतूहल आवरेना. चहाचा कप घेऊन ते स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले.

"तुमच्यात म्हणे टाळ्या वाजवत नाहीत?"

"नाही. टाळ्यांनी बोलणाऱ्याचं बोलणं तुटतं," लेक म्हणाली. तिनं ओले हात पुसले आणि दोन्ही हात वर करून बोटं हलवून दाखवली. "हे म्हणजे पटलं." मग बोटं जमिनीकडे हलवली. "हे म्हणजे नाही पटलं, पण चालवून घेऊ."

"आणि मुळीच चालवून घ्यायचं नसेल तर?"

"मग मूठ वर करायची. एकाची जरी मूठ वर आली तरी ठराव तिथंच थांबतो. त्याला कारण विचारायचं आणि सगळ्यांनी ऐकून घ्यायचं."

"एकट्याचं?"

"एकट्याचंसुद्धा."

अप्पांनी कप ओट्यावर ठेवला आणि स्वतःच्या मुठीकडे जरा वेळ बघितलं. "आमच्यात मूठ म्हणजे सलाम. मग तुम्ही सलाम कशानं करता?"

"करतच नाही."

"कमालच आहे," अप्पा म्हणाले आणि शर्ट बदलायला गेले.

हॉलमध्ये खुर्च्यांवरूनच सुरुवात झाली. कम्युनिस्टांनी आल्या आल्या टेबलासमोर रांगा लावल्या होत्या, हरितांनी येऊन त्यांचं वर्तुळ करायला घेतलं. ओढाताणीत शेवटी घोड्याच्या नालेसारखं काहीतरी झालं आणि मंडळी त्यातच बसली. सभा चालवायला हरितांची दातांची डॉक्टर उभी राहिली. पोराला दात काढण्याआधी समजवावं तशा आवाजात तिनं हातांच्या खुणा समजावल्या. मुठीचं ऐकून कम्युनिस्टांचे सेक्रेटरी गोरेमोरे झाले. त्यांनी आपल्या जुन्या कामगारांना दम भरला, "आज मुठी खाली. उत्साह आला तरी खाली." काही जण तर हात मांडीखाली दाबूनच बसले.

डॉक्टरनं माळीणबाईंचं नाव घेतलं. हरितांचे हात वर गेले, बोटं वाऱ्यावरच्या पानांसारखी हलू लागली. कम्युनिस्टांनीही संकोचत हलवली, गाडीतल्या पाहुण्याला निरोप द्यावा तशी. लेकीच्या जीवात जीव आला.

तेवढ्यात मागच्या खुर्चीवरून अप्पा उठले. त्यांनी उजवा हात वर केला. मूठ घट्ट होती.

हॉलमधली सगळी बोटं थांबली. सेक्रेटरींनी कपाळाला हात लावला. लेकीला काही सुधरेना. सकाळी मुठीचा अर्थ तिनंच तर त्यांना सांगितला होता. म्हणजे हा नकार होता? तीन वर्षं साठवून ठेवलेला, असा चारचौघांत? की चाळीस वर्षांची जुनी सवय? ती अप्पांचा चेहरा वाचायला गेली, पण तो चेहरा वाचणं तिला लहानपणीही जमलं नव्हतं. तिला इतकंच कळत होतं की त्यांनी खरंच नाही म्हटलं, तर उमेदवारी गेल्याचं दुःख दुसऱ्या नंबरचं असेल.

"बॉयलरदादा," डॉक्टर जपून म्हणाली, "तुमची मूठ... कारण सांगाल?"

अप्पा गोंधळले. "कारण कसलं? सलाम केला मी. पोरीचं नाव ऐकलं आणि हात आपसूक वर गेला."

सगळ्या हॉलचा जीव भांड्यात पडला. हशा पिकला. लेकही हसली, डोळे पुसत. "मग हात खाली घेता ना?" डॉक्टर म्हणाली.

"थांबा जरा," अप्पा म्हणाले. हात वरच होता. "आमच्या पक्षात चाळीस वर्षं हात वर केला. मोजला सगळ्यांनी, का केला ते कुणी विचारलं नाही. आज तुम्ही विचारलंत, तर बोलूनच घेतो."

सेक्रेटरी खुर्चीत चुळबुळले.

अप्पा लेकीकडे वळले. "तू गेटवर उभी होतीस तेव्हा मी वरच्या जाळीतून बघत होतो. बोर्ड वाचला. अक्षर छान काढलं होतंस. मला वाटलं, दुपारच्या सुट्टीत ही आत येईल, विचारेल, अप्पा, हे बंद झालं तर तुम्ही सगळे काय कराल? सुट्टी संपेपर्यंत मी डबा उघडला नाही. आता तू निवडून आलीस, आणि ते धुराडं बंद करायची वेळ आली, तर आधी कुणाला विचारशील?"

या प्रश्नाचं उत्तर जाहीरनाम्यात होतं. दोन्ही पक्षांनी शब्दाशब्दावर भांडून ते लिहिलं होतं आणि लेकीला ते तोंडपाठ होतं. तिनं बोलायला तोंड उघडलं, अप्पांकडे पाहिलं आणि ते सगळं गिळून टाकलं.

"तेव्हा विचारायला हवं होतं," ती म्हणाली. "तुम्ही नाही म्हणाल म्हणून घाबरले."

"म्हणालोच असतो."

"माहीत आहे. आता तुम्ही नाही म्हणालात तरी विचारीन. तुम्हाला, आणि आत जे कामाला आहेत त्या सगळ्यांना. बोर्ड लिहायच्या आधी."

अप्पांनी नाक ओढलं. मग डॉक्टरकडे बघून मोठ्यानं म्हणाले, "लिहून घ्या बाई. नकार मागे घेतला. मूठ मात्र खाली येणार नाही, ती माझ्या मुलीसाठी आहे."

जुन्या कामगारांना आता धीर धरवेना. मांडीखालचे हात सुटले आणि एकेक मूठ वर येऊ लागली. सेक्रेटरींनी दोनदा "अरे, अरे" केलं आणि मग स्वतःचीही मूठ वर केली. डॉक्टरनं त्या सगळ्या मुठींकडे पाहिलं, नियम आठवला, आणि कुणालाही कारण न विचारता ठराव एकमतानं मंजूर झाल्याचं सांगून टाकलं.