झाकणाच्या आतलं अक्षर

“स्क्रू ड्रायव्हर खाली ठेव. आतून बरोबर आहे ते. मी सांगतोय ना.”

“तुम्ही सांगताय म्हणून काय झालं? न उघडता भाव काढायचा नाही, हे रोज कोण बोंबलत असतं?”

“प्रत्येक वाक्याला उलट उत्तर दिलंच पाहिजे का?”

“तुम्हीच शिकवलेलं बोलतोय. माझ्या पदरचं काही नाही.”

बाबांनी टेबलावरचं मशीन स्वतःकडे ओढलं. मी माझ्याकडे ओढलं. समोर स्टुलावर बसलेली नर्सताई आमच्याकडे आळीपाळीने बघत होती. वॉर्डातनं सरळ आली होती ती. पायात पांढरे बूट, खिशाला उलटं लटकवलेलं घड्याळ.

“अरे, भांडता कशाला?” ती म्हणाली. “हे मशीन काकांशिवाय आजवर कुणी उघडलेलंच नाही. मी तेरा वर्षांची असताना एकदा बंद पडलं होतं, तेव्हा त्यांनीच दुरुस्त केलं. आता तू उघड नाहीतर ते उघडू देत, मला फक्त चिठ्ठी द्या. चारला मला परत ड्युटीवर जायचंय.”

चिठ्ठी म्हणजे काय ते आधी सांगतो. आमचं दुकान दहा बाय आठचं. जुने व्हिडीओ गेम दुरुस्त करायचे, घ्यायचे, विकायचे. पण लोक लांबून येतात ते बाबांच्या चिठ्ठीसाठी. मशीन उघडून बघायचं, आत काय मूळचं आणि काय बदललेलं ते लिहायचं, खाली भाव लिहायचा. शेवटची ओळ ठरलेली : जास्त मागू नये, कमी देऊ नये. एवढ्या चिठ्ठीवर लोक मशीन हातात न घेता पैसे मोजतात. स्टेशनपलीकडे एक संग्रहवाला राहतो. पांढरे हातमोजे घातल्याशिवाय मशीनला बोट लावत नाही, म्हणून मी त्याला हातमोजे म्हणतो. तो तर दुसऱ्या कुणाचा शब्दच धरत नाही. नर्सताईच्या मशीनला तो पंचेचाळीस हजार द्यायला तयार होता. पहिल्यापासून एकाच मालकाकडचं मशीन, खोका शाबूत, दोन्ही कंट्रोलर मूळचे. अट एकच, बाबांची चिठ्ठी.

बाबांच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, दुसऱ्याचं राहिलंय. त्यामुळे गेली दीड वर्षं उघडतो मी, बघतो मी. ते विचारतात, मी सांगतो, ते लिहितात. शाळा मी नववीत सोडली. सोडली म्हणजे गणिताच्या सरांची आणि माझी जुंपली, आणि मग मी गेलोच नाही. बाबा तेव्हा एवढंच म्हणाले होते, “दुकानात बसायचं तर बस. पण दिसलं तेवढंच बोलायचं. आपल्याला काय दिसावंसं वाटतं ते नाही.”

आणि आज हाच माणूस म्हणत होता, उघडू नको.

मला वाटलं, झालं. ओळखीचं गिऱ्हाईक आलं की यांचा पाघळला जीव. माझं डोकं सटकलं. मशीन उलटं केलं, खालचे स्क्रू भराभर काढले आणि झाकण उचललं.



आत नकली बोर्ड होता. मूळच्या बोर्डावर चिपा असतात, गोमेसारखे दोन्ही बाजूंना पाय असलेल्या. नकलीत तसलं काही नसतं, मधोमध डांबराचा थेंब पडल्यासारखा नुसता काळा गोळा. शेंबडं पोरही ओळखेल. बोर्ड बसावा म्हणून झाकणाच्या आतल्या चार प्लास्टिकच्या खुंट्या कानशीने घासून बुटक्या केलेल्या. घासल्या होत्या मात्र सुंदर, चारही अगदी सारख्या. असं काम करणारा हात मी रोज बघतो.

तरी मला वाटलं, नसेल. मग झाकण उजेडाकडे धरलं. आतल्या बाजूला निळ्या मार्करने तारीख लिहिलेली. माझ्या जन्माच्या सात वर्षं आधीची. बाबा प्रत्येक मशीनच्या पोटात तारीख आणि केलेलं काम लिहितात. तारखेखाली त्यांच्या त्या पाय मुडपून बसल्यासारख्या अक्षरात दोन शब्द होते. बोर्ड बदलला.

दुकान तेच, पंखा तोच, भिंतीवरचं कॅलेंडर तेच. आणि शेजारी बसलेला माणूस कोण, तेच मला कळेना. चोरी हा शब्द डोक्यात आला आणि जाईच ना. मूळचा बोर्ड काढायचा, विकायचा, पोरीच्या मशीनमध्ये हे कोंबायचं. बाजारात असले धंदे करणारे चार जण मला माहीत आहेत. त्यांच्याविषयी मी रोज तोंडभरून बोलतो, आणि बाबा ऐकून घेतात.

“काय झालं?” नर्सताईने विचारलं.

“काही नाही,” मी म्हणालो.

बाबांनी चिठ्ठ्यांचं पुस्तक उघडलं. चष्मा लावला. पेनाचं टोपण काढलं. त्यांचा आवाज रोजच्यासारखाच होता.

“स्क्रू?”

“सगळे मूळचे.”

“झाकण?”

“पिवळं पडलंय. तडा नाही.”

“कंट्रोलर?”

“दोन्ही मूळचे. एकाची वायर वाकलीय, आतून शाबूत.”

“बोर्ड?”

मी नर्सताईकडे बघितलं. ती मोबाईलवर कुणाला तरी सांगत होती, “हो हो, संध्याकाळपर्यंत डिपॉझिट देते, खोली दुसऱ्या कुणाला दाखवू नका. चाळीस पूर्ण देते. नाही, मी एकटीच राहणार आहे.” मग मी बाबांकडे बघितलं. ते पेन टेकवून थांबले होते.

“मूळचा,” मी म्हणालो.

कसं काय म्हणालो, मलाच कळलं नाही. एरवी कुणी कंट्रोलरच्या बटणाबद्दल खोटं बोललं तरी मी अंगावर जातो.

पेन हललं नाही.

“बोर्डावरचा नंबर वाच.”

“पुसलाय.”

“तो नंबर पुसला जात नाही. बोर्डातच असतो तो. तुला मीच शिकवलंय.” त्यांनी पेनाला टोपण लावलं. “ताईंना दाखव.”

“बाबा.”

“दाखव म्हटलं ना.”

मी मशीन तिच्यासमोर सरकवलं. ती वाकून बघत राहिली. तिला काय कळणार? तिने आमच्या तोंडांकडे बघितलं, आणि तेव्हा तिला थोडं कळलं असावं.

“हा तुझ्या मशीनचा बोर्ड नाही,” बाबा म्हणाले. “तुझा माझ्या हातून जळाला. तुझ्या मशीनच्या वायरीचा सांधा सुटला होता, एवढंच. पाच मिनिटांचं काम. झाल्यावर चालवून बघायला मी टेबलावरचा अडॅप्टर लावला. तो दुसऱ्या मशीनचा होता. पिन तीच, अगदी फिट बसते, पण प्लस-मायनस उलटं. बघायला पाहिजे होतं. नाही बघितलं. धूर आला.”

ती अजून उघड्या मशीनकडेच बघत होती.

“तू चारला येणार होतीस. शनिवारी तुझी कसलीशी स्पर्धा होती, सांगून गेली होतीस. माझ्याकडे हा बोर्ड पडलेला होता. बसवला. चाललं. तू आलीस, मी दिलं.” त्यांनी पेन पुस्तकावर ठेवलं. “दुरुस्तीचे पैसेही घेतले.”

“काका,” ती हळूच म्हणाली. वॉर्डात पेशंटला उठवताना बोलत असेल तसं. “तेव्हा मी दुसऱ्या दिवशी आले होते परत. म्हणाले होते, आवाज बदललाय. सुरुवातीची धून बेसूर वाजतेय. आठवतं?”

“आठवतं.”

“तुम्ही म्हणालात, टीव्हीचा स्पीकर गेलाय.”

“म्हणालो.”

“घरी भाऊ महिनाभर मला चिडवत होता, बहिरी, बहिरी. आईने कान तपासून आणले माझे. डॉक्टरने थेंब दिले, मी घातले ते.” ती हसली, पण ते हसू ओठांपलीकडे गेलं नाही. “मला वाटायला लागलं होतं की माझ्यातच काहीतरी गडबड आहे. मग मी खेळणंच सोडलं. पंचवीस वर्षं हे माळ्यावर होतं. आणि तुम्ही मला रस्त्यात दिसलात की मी हात करायचे.”

बाबा टेबलाकडे बघत होते. मला त्यांच्यावर ओरडायचं होतं आणि तिच्यावरही. कुणावर आधी, तेच ठरेना.

“याचा आत्ताचा भाव काय?” तिने विचारलं.

बाबांनी माझ्याकडे बघितलं. भाव मी सांगायचा असतो आधी, मग ते दुरुस्त करतात.

“सात,” मी म्हणालो. “खोका आणि कंट्रोलरमुळे. मशीनचं काहीच नाही.”

“बरोबर,” बाबा म्हणाले.

पंचेचाळीसचे सात. ती भिंतीला टेकली आणि डोळे मिटले. बाहेर कुणीतरी सायकलची घंटी उगाचच वाजवत होतं. मी जाऊन त्याला हाकलून आलो.

परत आलो तर बाबा काचेच्या कपाटापाशी उभे होते. त्या कपाटात तसंच एक मशीन आहे, अस्सल मूळचं, विकायचं नाही असं पुठ्ठ्यावर लिहिलेलं. त्यावरून मी त्यांच्याशी किती भांडलोय. हातमोजेने पन्नासपर्यंत बोली लावली होती, तरी हे हलले नाहीत. मला वाटायचं, म्हाताऱ्याचं प्रेम असेल. त्यांनी ते काढून माझ्यासमोर ठेवलं.

“यातला बोर्ड काढ. तिच्या मशीनमध्ये बसव.”

मी त्याचे स्क्रू काढायला लागलो.

“पुढच्याच वर्षी घेतलं होतं हे,” ते तिला म्हणाले, “तुझं परत करायला. तू यायची बंद झालीस. घर माहीत होतं मला. दोनदा कोपऱ्यापर्यंत आलो. लाज वाटली. मग लाजेचीही सवय झाली.”

ती म्हणाली, “घंटी वाजवायची होतीत, काका. मीच दार उघडलं असतं.”

बाबांनी कपाटाचं दार लावलं.

“खुंट्या घासल्यात,” मी म्हणालो. “बोर्ड हलेल.”

“वायसर लाव.”

चार वायसर लावले. पंचवीस मिनिटं लागली. एरवी मी पंधरात करतो. अडॅप्टर लावायच्या आधी बाबांनी तो माझ्या हातातून घेतला, डोळ्याजवळ नेला, वरचं प्लस-मायनसचं चित्र भिंगातून बघितलं आणि मग परत दिला. असं ते प्रत्येक वेळी करतात. मला वाटायचं डोळ्यांमुळे करतात. डोळे तर आत्ता गेले. हे मी लहान असल्यापासून करतायत.

जुन्या डबा टीव्हीला जोडलं. धून सुरू झाली. नर्सताई उभी राहिली. हात पोटाशी धरून तिने ती अख्खी ऐकली, परत पहिल्यापासून लावायला सांगितली, परत ऐकली.

“हा,” ती म्हणाली. “हाच. वरचा सूर असा लांबत जायचा.” मग, “बंद कर.”

बाबांनी चिठ्ठी लिहिली. मी मान लांब करून वाचली. झाकण, खोका, कंट्रोलर मूळचे. बोर्ड मूळ जातीचा, पण या मशीनचा नव्हे. या मशीनचा बोर्ड माझ्या चुकीने जळाला, आणि मी गिऱ्हाइकाला ते सांगितले नाही. भाव अठ्ठावीस हजार. जास्त मागू नये, कमी देऊ नये. खाली सही.

“ते जळल्याचं, न सांगितल्याचं कशाला लिहिलंत?” माझा पुन्हा भडका उडाला. “बोर्ड बदललेला, एवढं पुरे आहे. हातमोजे हे वाचून काय करेल माहितीय? आपण दिलेली जुनी सगळी मशीनं उघडायला लावेल. उद्या दुकानात कुत्रं फिरकणार नाही.”

“तू काय बघितलंस आत?”

“बघितलं ते बघितलं.”

“मग तेवढंच लिहिलंय.”

नर्सताईने चिठ्ठी घेतली, वाचली आणि माझ्याकडे दिली. “तूच नेऊन दे त्या संग्रहवाल्यांना. मला आता त्यांच्याशी घासाघीस करायचं त्राण नाही.” बाबा म्हणाले, “खोलीचे बारा कमी पडतायत, ते माझ्याकडून...” तिने हात वर केला. “नको. आज तुमच्याकडून काहीच नको, काका.” काका मात्र म्हणाली. उलटं घड्याळ वर उचलून बघितलं आणि गेली. पायरीवर तिचा बूट अडखळला, तिने चौकटीला धरलं, सावरली आणि गेली.

मी मशीन खोक्यात भरलं. कपाटातल्या मशीनचं रिकामं धड टेबलावर तसंच उघडं पडलं होतं. बाबा त्याच्या झाकणात निळ्या मार्करने आजची तारीख लिहीत होते.

मला विचारायचं नव्हतं. देवाशपथ नव्हतं विचारायचं.

“बाबा, असं हे एकच ना?”

त्यांनी मार्कर ठेवला. डावा हात उघडला आणि अंगठ्याने बोटांची पेरं मोजायला लागले, ओठ हलत होते, एकेक घर, एकेक पोरगं आठवत असावेत. अंगठा तिसऱ्या पेरावर थांबला. मग चौथ्यावर गेला.

हातमोजेकडे जाणारी बस पावणेपाचला आहे. मला आता निघायला हवं.